एक्स्ट्रॅक्टिव्ह मेटलर्जीत पदव्युत्तर शिक्षण: प्लांट सोडून की प्लांटसह?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. पुण्यात केमिकल इंजिनिअरिंग केलंत, गेली सहा वर्षं राजस्थानात शिसे-जस्ताच्या कॉन्संट्रेटरवर (खाणीतला दगड दळून त्यातलं खनिज वेगळं काढणाऱ्या प्लांटवर) शिफ्ट सांभाळताय. प्रोसेस विभागात जायचं असेल तर एक्स्ट्रॅक्टिव्ह मेटलर्जीत, म्हणजे धातुकापासून (धातू असलेल्या दगडापासून) धातू काढण्याच्या शास्त्रात, पदव्युत्तर शिक्षण हवं, असं वरिष्ठांनी सांगितलंय. घर पुण्यात, आई-वडील थकलेत, पत्नीची नोकरी हिंजवडीत. म्हणून तुम्ही तीन वाटा विचारल्यात: नोकरी सोडून एम.टेक., कर्ज काढून ऑस्ट्रेलिया, किंवा पुण्यात येऊन घरबसल्या काहीतरी. आणि सगळ्यात खाली एक ओळ टाकलीत, "इतकं करून खरंच फरक पडतो का?"

मी त्या खालच्या ओळीपासून सुरू करतो. माझी बरीच वर्षं कॉन्संट्रेटर आणि झिंक स्मेल्टरवर (खनिजापासून जस्त काढणाऱ्या कारखान्यावर) गेली, आता पुण्यात राहून प्लांटना सल्ला देतो, आणि पुढे शिकून परत आलेली माणसं मी जवळून पाहिली आहेत. काहींच्या कामात जमीन-अस्मानाचा फरक पडला, काहींचा फक्त हुद्दा बदलला. हा फरक संस्थेच्या नावामुळे पडला असं मला दिसलं नाही. जो आपल्या प्लांटमधला एक न सुटलेला प्रश्न डोक्यात घेऊन गेला, तो खूप काही घेऊन आला. जो शिफ्टला कंटाळून गेला, त्याने परीक्षा दिल्या आणि परत आला. म्हणून कुठला कोर्स हे ठरवण्याआधी हे शोधा: प्लांटमधली कुठली गोष्ट तुम्हाला रोज दिसते, पण तिचं कारण तुम्हाला सांगता येत नाही?

तुमच्याच सर्किटमधलं उदाहरण घेऊ. फ्लोटेशनमध्ये दळलेल्या मालात रसायनं आणि हवा सोडून हवं ते खनिज फेसाबरोबर वर काढतात: आधी लेड सर्किटमध्ये शिशाचं, मग झिंक सर्किटमध्ये जस्ताचं. असा वेगळा काढलेला माल म्हणजे कॉन्संट्रेट. लेड कॉन्संट्रेटमध्ये जस्त वाढलं. सकाळी लॅबचा रिपोर्ट येतो, शिफ्ट इन्चार्ज जस्ताला दाबून ठेवणाऱ्या सायनाइड आणि झिंक सल्फेटचा डोस वाढवतो. कधी जस्त उतरतं, कधी नाही. नाही उतरलं की लॉगबुकात "माल खराब" अशी नोंद होते. ताप आला की गोळी, तसा हा प्रकार. ताप कशाने आला ते कोणी पाहिलेलं नसतं.

ते जस्त तिथे तीन वेगळ्या कारणांनी पोचू शकतं. पहिलं कारण म्हणजे स्फॅलेराइट (जस्ताचं खनिज) गॅलेनापासून (शिशाच्या खनिजापासून) सुटलेलाच नाही, दोघं एकाच दाण्यात अडकलेत. मग कुठलंही रसायन त्यांना वेगळं करणार नाही, दळण बारीक करावं लागेल. दुसऱ्या प्रकारात कण सुटा असतो, पण इतका बारीक की फेसातल्या पाण्याबरोबर नुसता वाहून वर येतो. त्याच्या पृष्ठभागाचा इथे काही संबंधच नाही, त्यामुळे सायनाइड वाढवून हाती काही लागत नाही. फेसातून जाणारं पाणी कमी करावं लागतं. आणि तिसऱ्या प्रकारात सुटा कण खरोखरच तरंगतोय, कारण त्याच्या पृष्ठभागावर तांब्याचे किंवा शिशाचे आयन बसलेत आणि झँथेट (खनिजाला फेसात तरंगवणारं रसायन) आता त्याला धरू लागलंय.

हे तिसरं कारण फार वेळा परतीच्या पाण्यातून येतं. झिंक सर्किटमध्ये स्फॅलेराइट तरंगावा म्हणून आपण मोरचूद (कॉपर सल्फेट) घालतोच. तेच पाणी टेलिंग्ज डॅमवरून (टाकाऊ गाळ साठवण्याच्या तळ्यावरून) फिरून पुन्हा लेड सर्किटच्या मिलमध्ये आलं, तर ज्याला इथे दाबून ठेवायचंय त्यालाच आपण तरंगायला मदत करतो. एका प्लांटवर उन्हाळ्यात ताज्या पाण्याची कपात झाली, परतीच्या पाण्याचं प्रमाण वाढलं, आणि लेड कॉन्संट्रेटमधलं जस्त चढत गेलं. कित्येक आठवडे सायनाइडचा डोस वाढवणं चालू होतं. शेवटी आम्ही बेल्टवरून एकच मोठा नमुना घेतला, त्याचे सारखे भाग केले, लॅबच्या मिलमध्ये एक भाग बोअरच्या पाण्यात दळला आणि दुसरा परतीच्या पाण्यात. दोन्ही एकाच डोसवर, एकाच सेलमध्ये, एकाच माणसाने फ्लोट केले. लॅबच्या तपासणीचा रिपोर्ट येण्याआधीच फेसात फरक दिसत होता. पहिल्यात गॅलेनाचा चकचकीत करडा फेस होता, दुसऱ्यात त्याच करड्यावर तपकिरी झाक आली होती. उपाय डोसमध्ये नव्हताच, लेड सर्किटचं पाणी वेगळं ठेवण्यात आणि परतीच्या पाण्यातलं तांबं चुन्याने खाली बसवण्यात होता. तोवर वाढीव सायनाइडपायी कॉन्संट्रेटमधली चांदी विरघळून पाण्याबरोबर जात राहिली, तो तोटा वेगळाच.

ही चाचणी करायला पदवी लागत नाही. पण तीन शक्यता आहेत हे सुचायला, त्या एकमेकींपासून वेगळ्या कशा काढायच्या ते आखायला आणि निकालावर सही करायला पृष्ठभागाचं रसायन, मिनरॉलॉजी आणि संख्याशास्त्र शिकलेलं असावं लागतं. शिफ्टमध्ये ते कोणी शिकवत नाही, शिकवायला कोणाला वेळही नसतो.

यात नमुना घेण्याचं शास्त्र मी सगळ्यात वर ठेवीन. झिंक सर्किटच्या फीडमध्ये (येणाऱ्या मालात) ८ टक्के जस्त, कॉन्संट्रेटमध्ये ५२ आणि टेलिंगमध्ये (उरलेल्या टाकाऊ मालात) ०.८ असेल, तर नेहमीच्या सूत्राने रिकव्हरी, म्हणजे हाती लागलेल्या जस्ताचा वाटा, ९१.४ टक्के येते. टेलिंगचा तोच आकडा १.० आला तर रिकव्हरी ८९.२. म्हणजे नमुना घेणाऱ्या कटरची फट थोडी बुजली, किंवा रात्री कोणी सॅम्पलर न चालवता पाइपच्या तोंडाशी मग धरून नमुना घेतला, की दोन टक्के रिकव्हरी कागदावर हलते. त्यावर बैठका होतात, डोस बदलतात, कधी माणसंही बदलतात. पियर गी या फ्रेंच शास्त्रज्ञाने नमुन्यातल्या चुकांचं गणित विसाव्या शतकाच्या मध्यापासून मांडायला घेतलं. तरी आपल्याकडच्या अनेक अभ्यासक्रमांत त्याला एखादा तास मिळतो. ज्या कोर्समध्ये सॅम्पलिंग आणि मास बॅलन्स (आलेल्या-गेलेल्या मालाचा ताळेबंद) गांभीर्याने शिकवतात, तो कोर्स प्लांटमधल्या माणसांनी बनवलाय असं खुशाल समजा.

दुसरं उदाहरण पैशांचं. वरच्या पहिल्या कारणावर "दळण बारीक करा" म्हणणं सोपं आहे. दळणाला किती वीज लागते याचं फ्रेड बाँडने १९५२ मध्ये मांडलेलं सूत्र घ्या. धातुकाचा वर्क इंडेक्स (दळायला किती कठीण याचं माप) १४, मिलमध्ये जाणारा माल २००० मायक्रॉनचा. तो १५० मायक्रॉनपर्यंत दळायला टनाला साधारण ८.३ युनिट वीज लागते, ७५ मायक्रॉनपर्यंत १३. दिवसाला ५,००० टन दळणाऱ्या प्लांटमध्ये हा फरक रोजच्या साडेतेवीस हजारांहून जास्त युनिटांचा झाला. एवढा खर्च करून किती स्फॅलेराइट सुटेल, हे कण मायक्रोस्कोपखाली पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. प्रोसेस इंजिनिअरकडून हाच निर्णय अपेक्षित असतो. तुमच्या वरिष्ठांना पदवी हवीशी वाटते तीही बहुधा यासाठीच.

आता तुमच्या बाजूचं. केमिकलवाल्यांना मेटलर्जीत परकं वाटतं, पण रिअ‍ॅक्टर, मास ट्रान्सफर, थर्मोडायनॅमिक्स, बॅलन्स हे सगळं तुमचं झालेलं आहे. लीचिंग (धातू द्रावणात उतरवणं), सॉल्व्हंट एक्स्ट्रॅक्शन (द्रावकाने तो वेगळा काढणं), इलेक्ट्रोविनिंग (विजेने तो जमा करणं) तुम्ही मेटलर्जीच्या मुलांपेक्षा लवकर उचलाल. द्रावणातून विजेने जस्त काढतात त्या सेलहाऊसचंच बघा. ३.३ व्होल्ट आणि ९० टक्के करंट एफिशिअन्सी (विजेच्या प्रवाहातला कामी आलेला वाटा) धरली की टनभर जस्ताला ३,००० युनिट लागतात, हा हिशेब तुम्ही फॅरेडेच्या नियमावरून दोन ओळींत काढाल. द्रावणात कोबाल्ट किंवा अँटिमनी जरा वाढलं की ही एफिशिअन्सी का कोसळते, ते मात्र नव्याने शिकावं लागेल. कच्चं राहील ते मिनरॉलॉजी, दळण आणि स्लॅगचं (भट्टीतल्या मळीचं) उच्च तापमानातलं वागणं. कोर्स निवडताना या तिन्हींकडे बघा.

इथवर सांगितलं ते दोन वाक्यांत: आधी प्रश्न ठरवा, आणि त्या प्रश्नाला लागणारे विषय जिथे शिकवतात तिथे जा. आता तुमच्या तीन वाटा.

पुण्यातली वाट आधी घेतो, कारण तिच्यात गैरसमज जास्त आहेत. पुण्याला मेटलर्जीची जुनी परंपरा आहे. सीओईपी ही अभियांत्रिकी संस्था १८५४ पासूनची, तिथला मेटलर्जी विभाग नावाजलेला. पण इथला उद्योग फोर्जिंग, कास्टिंग, हीट ट्रीटमेंट आणि वाहनांचा. भोसरी-चाकणला धातू येतो तो तयार होऊन, तिथे त्याला आकार आणि गुण दिले जातात. साहजिकच या भागात "मेटलर्जी अँड मटेरिअल्स" नावाखाली जे शिकवलं जातं त्यात धातुकापासून धातू काढण्याचा भाग थोडा असतो. हा दोष नव्हे, पण तुम्हाला हवं ते वेगळं आहे. कोर्सच्या नावावर जाऊ नका, विषयांची यादी मागवा. खनिज प्रक्रिया, हायड्रो (द्रावणातून धातू काढणं), पायरो (भट्टीतून काढणं) असे किती पेपर सक्तीचे आहेत? लॅबमध्ये फ्लोटेशन सेल आणि बाँड मिल (वर्क इंडेक्स मोजायची छोटी मिल) चालू स्थितीत आहे का? गेल्या काही वर्षांत तिथे खनिजांवर कोणी प्रबंध लिहिलाय का? एवढ्यावरून अंदाज येतो.

घरबसल्या एम.टेक.च्या जाहिरातींबद्दल स्पष्टच सांगतो. अभियांत्रिकीच्या पदव्या दूरशिक्षणाने देण्याला एआयसीटीईची (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेची) मान्यता नसते, आणि अभिमत विद्यापीठांनी परवानगीविना अशा पदव्या वाटल्या त्याबद्दल सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०१७ मध्ये कडक निकाल दिलेला आहे. ज्ञानासाठी ऑनलाइन शिकायचं असेल तर एनपीटीईएल या ऑनलाइन व्यासपीठावर आयआयटीतल्या प्राध्यापकांची नॉनफेरस धातूंवरची आणि मेटलर्जिकल बॅलन्सवरची व्याख्यानं फुकट आहेत. ती आजपासून ऐका. पण पदवीसाठी पैसे भरण्याआधी मान्यता लेखी तपासा.

देशातली एम.टेक.ची वाट. ज्या संस्थांभोवती खाणी आणि स्मेल्टर आहेत तिथे हा विषय जिवंत आहे. धनबादचं आयआयटी, म्हणजे १९२६ पासूनचं आयएसएम, मिनरल इंजिनिअरिंगसाठी स्वाभाविक पहिली निवड. आयआयटी मुंबई आणि खरगपूर, राउरकेला आणि रायपूरचं एनआयटी, आणि आपल्या राज्यातलं नागपूरचं व्हीएनआयटी हेही बघा. नागपूरला विसरू नका. भारतीय खाण ब्युरोचं मुख्यालय तिथे, मँगनीज काढणाऱ्या मॉइल या सरकारी कंपनीचं तिथे, अ‍ॅल्युमिनियमवर संशोधन करणारं जवाहरलाल नेहरू केंद्रही तिथेच, आणि मँगनीजच्या खाणी शेजारच्या भंडारा-बालाघाटात. पुण्याहून रात्री बसलं की सकाळी नागपूर, हाही तुमच्या परिस्थितीत विचारात घेण्यासारखा मुद्दा आहे. संशोधनाकडे ओढा असेल तर जमशेदपूरची एनएमएल आणि भुवनेश्वरची आयएमएमटी या सीएसआयआरच्या प्रयोगशाळा आहेत, तिथे पीएच.डी.पर्यंत जाता येतं.

आता नोकरी सोडायची का? हे तुमच्या कंपनीवर अवलंबून आहे, आणि इथेच मी सगळ्यात आग्रही आहे. गेट (एम.टेक.ची प्रवेशपरीक्षा) देऊन पूर्णवेळ गेलात तर महिना १२,४०० रुपये स्टायपेंड मिळतो. घरची जबाबदारी असलेल्या माणसाला तो पुरत नाही, हे सांगायला नको. बऱ्याच संस्था प्रायोजित उमेदवारही घेतात. कंपनी पत्र देते, नोकरी शाबूत राहते, अनेक ठिकाणी गेटचीही अट नसते. कंपनी पगार चालू ठेवते की बिनपगारी रजा देते, बाँड (परत येऊन नोकरी करण्याचा करार) किती वर्षांचा लिहून घेते, हे मात्र जागोजागी वेगळं. बाँडला घाबरू नका, पण वाचल्याशिवाय सही करू नका.

प्रायोजित वाटेचा खरा फायदा पगाराहून मोठा आहे. दुसऱ्या वर्षीचा प्रकल्प तुम्ही आपल्याच प्लांटवर करू शकता. संस्थेकडे मायक्रोस्कोप, एक्सआरडी आणि आयसीपी (खनिज आणि धातू ओळखणारी यंत्रं) आणि मार्गदर्शक असतात, तुमच्याकडे खरा माल, खरं पाणी आणि वर्षभराच्या शिफ्ट शीट्स. हे दोन्ही एकत्र आलं की जे काम होतं ते ना नुसत्या लॅबमध्ये होतं, ना नुसत्या प्लांटवर. नोकरी सोडून गेलेल्याला पुष्कळदा कुणीतरी दिलेल्या पोतंभर नमुन्यावर काम करावं लागतं, आणि तो माल खाणीच्या कुठल्या बेंचवरून (पायरीवरून) आला हेही त्याला माहीत नसतं. जमेल तिथवर प्लांटशी नातं तोडू नका, असं मी म्हणतो ते यासाठी.

ऑस्ट्रेलियाबद्दल. पर्थचं मरडॉक विद्यापीठ, कॅलगुर्लीतलं कर्टिन विद्यापीठाचं स्कूल ऑफ माइन्स आणि क्वीन्सलँड विद्यापीठाचं जेकेएमआरसी हे खनिज संशोधन केंद्र ही या क्षेत्रातली मोठी नावं आहेत. दळणाचं आणि फ्लोटेशनचं मॉडेलिंग जगभर ज्या पद्धतीने होतं त्यातलं बरंच जेकेएमआरसीतून आलंय. तिथली पदव्युत्तर रचना बहुतेक वेळा पायऱ्यांची असते: ग्रॅज्युएट सर्टिफिकेट, मग डिप्लोमा, मग मास्टर्स. नोकरी करणाऱ्याला मधल्या पायरीवर थांबता येतं. पण कर्ज काढून जायचं असेल तर तिथे नोकरी मिळेल या भरवशावर हिशेब मांडू नका. खाणींचा धंदा धातूच्या भावाबरोबर वरखाली होतो, आणि तुम्ही बाहेर पडाल त्या वर्षी निकेल किंवा जस्ताचा भाव काय असेल ते कोणाच्याच हातात नसतं. परत येऊन सरकारी नोकरी किंवा इथली पीएच.डी. मनात असेल तर त्या पदवीची समकक्षता आधीच तपासा, विशेषतः कोर्स ऑनलाइन असेल तर. तिशीच्या आसपास, घरी दोन वयस्कर माणसं असताना, मी तुम्हाला ही वाट पहिली म्हणून सुचवणार नाही. कंपनी खर्च उचलत असेल तर उत्तर बदलेल.

शेवटी पुण्याला परतण्याचा प्रश्न, जो तुम्ही थेट विचारला नाहीत पण तुमच्या प्रत्येक ओळीत आहे. पुण्यात खाण नाही, स्मेल्टर नाही. खनिजांची यंत्रं बनवणाऱ्या आणि डिझाइन करणाऱ्या कंपन्यांत थोड्या जागा असतात, आणि तिथे प्लांट चालवलेल्या माणसाला मान असतो. पण मला जास्त आशा रीसायकलिंगकडून आहे. केंद्र सरकारने २०२३ मध्ये ३० खनिजं महत्त्वाची म्हणून जाहीर केली, जानेवारी २०२५ मध्ये त्यांच्यासाठी राष्ट्रीय मिशन मंजूर केलं, आणि २०२२ च्या नियमांनी वापरलेल्या बॅटऱ्यांची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. इलेक्ट्रिक गाड्या जिथे बनतात आणि विकल्या जातात तिथे जुन्या बॅटऱ्याही साठणार. पाषाणला सी-मेटची (इलेक्ट्रॉनिक्सच्या पदार्थांवर संशोधन करणाऱ्या संस्थेची) प्रयोगशाळा आहे, एनसीएल (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा) आहे, म्हणजे बोलायला माणसं आहेत.

बॅटरीचा ब्लॅक मास (जुन्या बॅटऱ्या दळून मिळणारी काळी पूड) म्हणजे एक्स्ट्रॅक्टिव्ह मेटलर्जीसाठी एक वेगळं धातुकच. सल्फ्युरिक आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये लीचिंग, पीएच चढवून लोखंड-अ‍ॅल्युमिनियम खाली बसवणं, मग मँगनीज, कोबाल्ट, निकेल एकेक करून सॉल्व्हंटने वेगळं काढणं. केमिकलचा पाया आणि कॉन्संट्रेटरचा अनुभव दोन्ही तिथे चालतात. अडचणही सांगून ठेवतो: आपल्याकडे एलएफपी (लिथियम-आयर्न-फॉस्फेट) बॅटऱ्या खूप आहेत, त्यांत निकेल-कोबाल्ट नसतंच, त्यामुळे सगळा धंदा लिथियमच्या भावावर तोलला जातो. म्हणून फक्त बॅटरीवर बेतलेला कोर्स घेऊ नका. हायड्रोमेटलर्जीचा भक्कम पाया घ्या, तो जस्तालाही चालेल आणि बॅटरीलाही.

तेव्हा तुमच्या जागी मी असतो तर हे केलं असतं. पुढच्या दोन-तीन महिन्यांत लेड कॉन्संट्रेटचे नमुने चाळून प्रत्येक मापाच्या भागातलं शिसं आणि जस्त तपासून घ्या. लॅबवाले कुरकुर करतील, शिफ्टनंतर त्यांच्याबरोबर थांबा. जाड भागात जस्त सापडलं तर ते कण मायक्रोस्कोपखाली बघा, अडकलेलं आहे का ते कळेल. बारीक भागात असेल तर वरची पाण्याची चाचणी करा. या निकालांचं चार पानी टिपण घेऊन वरिष्ठांकडे जा आणि त्याच विषयावर प्रायोजित एम.टेक. मागा. "मला पुढे शिकायचंय" या अर्जापेक्षा "आपल्या लेड कॉन्संट्रेटमधलं जस्त कमी करायचंय, त्यासाठी मला हे शिकावं लागेल" हा अर्ज मंजूर होण्याची शक्यता कितीतरी जास्त असते. त्याच्या जोडीला गेटही देऊन ठेवा. अर्ज साधारण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये निघतात, परीक्षा फेब्रुवारीत होते आणि गुण तीन वर्षं चालतात. कंपनी नाही म्हणाली तर दुसरी वाट उघडी राहते. केमिकलचा पेपर द्यायचा की मेटलर्जीचा, हे ज्या दोन-तीन संस्था तुम्ही निवडाल त्यांच्या प्रवेशाच्या अटी वाचून ठरवा, कारण केमिकलच्या पेपरवर मेटलर्जी विभाग प्रवेश देतो की नाही हे प्रत्येक ठिकाणी वेगळं असतं.